आत पाहणारा राखणदार

चीनमधल्या शिआन शहराच्या जुन्या संग्रहालयात डॉ. यमुना थत्ते प्रथम आली, त्या दिवशी ती एका काचेपाशी खिळून उभी राहिली. काचेपलीकडे दोन प्राणी बसले होते. थांग राजवटीच्या काळात, म्हणजे बाराशे-तेराशे वर्षांपूर्वी, थडग्याच्या दाराशी बसवण्यासाठी ते मातीतून घडवले गेले होते. दोघांचेही देह श्वापदाचे. पाय खुरांचे, खांद्यांवर ज्वालांसारखे वर उसळलेले पंख, मस्तकावर पीळ दिलेले शिंग. अंगावरून मधाच्या, शेवाळाच्या आणि सायीच्या रंगाची झिलई ओघळत येऊन जिथे थांबली होती तिथेच भट्टीने तिला कायमचे धरून ठेवले होते. एकाचे तोंड सिंहाचे होते, जबडा पसरलेला. दुसऱ्याचे मात्र माणसाचे. त्या चेहऱ्यावर झिलई नव्हती. कारागिराने तो कोरा भाजून नंतर कुंचल्याने रंगवला होता, कारण वितळणाऱ्या झिलईच्या हाती भुवई सोपवणे त्याला मंजूर नसावे.

"काहीतरी बोला," शेजारी उभे असलेले प्राध्यापक शन म्हणाले. "पाहुणे इथे साधारणपणे 'भयंकर' म्हणतात आणि पुढे जातात."

"भयंकर नाहीत," यमुना म्हणाली. "दमलेले वाटतात."

"दमणारच. हे हरलेले राखणदार आहेत, थत्ते लाओशी." लाओशी म्हणजे गुरुजी, त्या भागात शिकल्यासवरलेल्या माणसाला अशीच हाक मारतात. "जगातल्या कुठल्याही संग्रहालयात जा. काचेमागे जो बसलेला दिसेल, त्याचे थडगे फुटले म्हणून तो दिसतो. जो जिंकला, तो कोणाला दिसणारच नाही. चाळीस वर्षे मी हे काम करतो आहे. आपल्या जागेवर बसलेला, न हरलेला एकही मी पाहिलेला नाही."

हे त्यांनी हसत हसतच सांगितले होते. त्या हसण्यामागची तहान यमुनेला पुढे कळायची होती.

यमुना मूळची वाईची. तिचे वडील नाना तेथील संस्कृत पाठशाळेत आयुष्यभर व्याकरण शिकवत होते. नवरा व्यापारी जहाजावर, वर्षातले सहा-सात महिने समुद्रात. म्हणून यमुना चीनला आली तेव्हा सहा वर्षांची मंदाकिनी आजोबांकडे राहिली. लेकीला मागे ठेवून ती ज्यासाठी आली होती ते यंत्र तिने स्वतः, दहा वर्षे खपून, सिद्ध केले होते.

त्या यंत्रामागील विज्ञान समजावयास कठीण नाही. अवकाशातून येणारे वेगवान कण पृथ्वीच्या वातावरणावर सतत आदळत असतात, आणि त्या आघातातून म्यूऑन नावाच्या सूक्ष्म कणांची वृष्टी होते. ही वृष्टी रात्रंदिवस, सर्वत्र चालू आहे. आपण हात पसरला तर दर क्षणाला एखादा म्यूऑन तळहातातून आरपार जातो आणि आपल्याला त्याची वार्ताही नसते. माती, वीट, दगड यांतूनही तो जातो. मात्र वाटेत पदार्थ जितका घन, तितके अधिक कण अडतात. एखाद्या वस्तूच्या खाली आणि बाजूंना संवेदक ठेवून कोणत्या दिशेने किती कण आले हे महिनोन्‌महिने मोजत राहिले, तर त्या वस्तूची छाया हळूहळू उमटते. मोठ्या वास्तूंच्या पोटातील पोकळ्या या रीतीने पूर्वीच शोधल्या गेल्या होत्या. पण ती चित्रे धुक्यातल्या डोंगरासारखी. यमुनेच्या संवेदकांनी ते धुके इतके विरळ केले, की विटेशेजारची वीट वेगळी मोजता येऊ लागली. जमिनीत तिरक्या छिद्रांतून सोडायच्या बोटाएवढ्या जाड कांड्या, असे त्यांचे रूप. नानांनी त्यांना 'शलाका' असे नाव दिले होते, आणि शन ते नाव मोठ्या कौतुकाने 'शालाका' असे उच्चारीत.

थडगे न उघडता थडग्यात पाहायचे, हा या सगळ्याचा हेतू. त्या दशकात पुरातत्त्वाच्या क्षेत्रात एक कडक नियम आला होता: जे दफन अभंग आहे, त्याला कुदळ लावायची नाही. ज्यात चोर शिरून गेले आहेत, तेच उघडायचे, उरलेसुरले वाचवण्यासाठी. अभंग कोणते आणि भंगलेले कोणते, हे आता शलाका ठरवणार होत्या.

शहराच्या उत्तरेला पिवळ्या मातीचे पठार आहे. गव्हाच्या शेतात, पर्सिमन या केशरी फळाच्या झाडाजवळ, एक लहानसे अनामिक थडगे सापडले होते. त्याच्याभोवती शलाका उतरल्या. गहू कापला गेला, मका उभा राहिला, उन्हाळा संपला, आणि एके सकाळी पडद्यावर चित्र स्थिरावले.

विटांची कमान. तिच्याखाली चौकोनी दालन, त्यात विटांचा एक लहानसा चौथरा. दाराच्या आतल्या बाजूस दोन चिलखतधारी पुरुष, एकाच्या पायाखाली चिरडलेला दैत्य. या चित्राची प्रत नानांना पाठवली तेव्हा नाना हरखून गेले. "अगं, हे तर आपले लोकपाल, दिशांचे राखणदार. हा दक्षिणेचा विरूढक असावा. इथून बुद्धाच्या धर्माबरोबर निघाले आणि तिकडे जाऊन पहाऱ्यावर लागले. प्रवासात प्रकृती मात्र चांगली सुधारलेली दिसते."

आणि लोकपालांच्या पुढे ती श्वापदांची जोडी. यंत्राने माणसाच्या चेहऱ्याच्या श्वापदाचे मुख जेव्हा प्रथम रेखाटले, तेव्हा यमुना खुर्चीतून उठून उभी राहिली. देवळात गाभाऱ्याचा पडदा सरतो तेव्हा माणूस जसा नकळत उभा राहतो, तशी. ओठ किंचित विलग. पापण्या जड. शिंग अखंड, पंखांची एकही ज्वाला मोडलेली नाही.

शनही मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ त्यांनी चष्मा पुसला. मग ते हलकेच म्हणाले, "उलटा बसला आहे."

खरेच होते ते. सिंहमुखी श्वापद रीतीप्रमाणे दाराकडे, बाहेर पाहत होते. मानवमुखी मात्र दाराकडे पाठ करून, आत तोंड करून बसले होते. अशा शेकडो थडग्यांची नोंद होती. आत पाहणारा राखणदार कोणी ऐकला नव्हता.

"कोणीतरी हलवला आहे त्याला," शन म्हणाले. "शिवाय वर बघा, कमानीच्या डोक्यावर ही उभी पोकळी. चोरांचे भुयार. वरून उतरले असतील, राखणदाराला ढकलून बाजूला केले असेल." पडद्यावरचे बोट न काढताच ते तिच्याकडे वळले. "थडगे भंगलेले आहे, थत्ते लाओशी. आपल्याला ते उघडता येईल."

त्या दुपारी ते तिला गावातल्या एका खाणावळीत घेऊन गेले. तिथे पाहुण्यापुढे जाड, घट्ट भाकरी ठेवतात. ज्याची त्याने ती हाताने कुस्करायची आणि मग तो वाडगा स्वयंपाकघरात रस्सा ओतायला द्यायचा. शनांचा रस्सा मटणाचा, यमुनेसाठी टोमॅटोचा.

"हे काय, एवढाले तुकडे?" शन तिच्या वाडग्यात डोकावून म्हणाले. "मधमाशीच्या डोक्याएवढे हवेत. असा वाडगा आत गेला तर स्वयंपाकी म्हणेल, शहाण्या माणसाबरोबर कोण घाईखोर आलंय."

"आमच्याकडेही भाकरी कुस्करतात. पण तिची परीक्षा घेत नाहीत."

"म्हणून तुमची भाकरी लवकर संपते. कुस्करता कुस्करता बोलायचे असते." त्यांनी एक तुकडा चिमटीत धरून आणखी बारीक केला. "वसंतात मी निवृत्त होतो आहे. अहवाल तुम्ही लिहायचा, सही मी करायची. तुम्हाला काय वाटते?"

यमुना भाकरी कुस्करत राहिली. तिला काय वाटत होते ते तिला पुरते ठाऊक होते. तिच्या क्षेत्रातले मोठे लोक म्हणत होते, की शलाकांची चित्रे म्हणजे संगणकाची कल्पनाशक्ती. खाली काय आहे ते खाली गेल्याशिवाय कोणाला कळणार? हे थडगे उघडले, आणि आत हाच चेहरा, हेच शिंग, हेच जड पापण्यांचे डोळे निघाले, तर कोणालाही पुन्हा तोंड उघडता येणार नव्हते. दहा वर्षांच्या कामावर एका दिवसात शिक्कामोर्तब. आणि 'अभंग' असे लिहिले, तर जे पाहिले ते खरे होते का हे तिलाही जन्मभर कळणार नव्हते.

"पोकळी कमानीला भिडते आहे का, हे अजून स्पष्ट नाही," ती म्हणाली. "आणखी थोडे दिवस कण मोजू द्या."

"मोजा. भाकरी मात्र आधी कुस्करा."

रविवारी दुपारी तिने घरी फोन लावला. वाईला जेवणे आटोपली होती. पडद्यावर आधी छत दिसले, मग नानांची पाठ, मग उशीवर आडवे पडलेले मंदाचे अर्धे तोंड.

"आजोबा झोपले," मंदा कुजबुजली. "माझी गोष्ट सांगता सांगता झोपले. राजा अजून जंगलातच आहे."

"मग तू पण झोप ना, शोना."

"कशी झोपू? आजोबा भिंतीकडे तोंड करून घोरतायत."

"तुला भीती वाटते का त्यांच्या घोरण्याची?"

"भीती नाही वाटत." मंदा थोडी रागावली. "तिकडे तोंड केलं की ते इथे नसतात. तू सांग गोष्ट."

यमुना सांगू लागली. पण शेजारच्या दुसऱ्या पडद्यावर कमानीच्या पोकळीचे नवे आकडे येत होते आणि तिची नजर पुनःपुन्हा तिकडे जात होती. राजा जंगलातून निघाला, नदीपाशी आला, आणि तिथे यमुनेचे वाक्य अर्धवट राहिले.

"आई," मंदा म्हणाली, "तोंड इकडे कर ना."

यमुनेने चटकन मान वळवली.

"आता ठीक आहे," मंदा म्हणाली आणि डोळे मिटले. "आता तू नाही बोललीस तरी चालेल."

यमुना तशीच बसून राहिली. लेकीचा श्वास संथ झाला, हात उशीवरून घसरला, तरी तिने मान हलवली नाही. मग, नजर मंदावर ठेवूनच, तिला थडग्यातील तो विटांचा चौथरा आठवला, ज्यावर शवपेटी ठेवीत. तो जेमतेम दोन-अडीच हात लांबीचा होता. इतक्या लहान चौथऱ्याचा अर्थ त्यांनी असा लावला होता, की दुसरीकडे पुरलेल्या कोणाच्या अस्थी गोळा करून इथे आणल्या असतील. सगळी विद्वान माणसे. कोणाच्याही मनात दुसरा विचार आला नव्हता.

मंदा अडीच हात लांब होती. गुढीपाडव्याला नानांनी दाराच्या चौकटीवर तिची उंची मापून रेघ ओढली होती.

पण आईच्या काळजाला काही वाटले, म्हणून तेवढ्यावर अहवाल लिहिता येत नाही, हे यमुना जाणून होती. तिने फोन ठेवला आणि आजवर जे कोणी केले नव्हते ते केले. सगळ्यांनी राखणदाराचा चेहरा पाहिला होता. तिने तो झाकला आणि त्याच्या बैठकीखालची जमीन पाहिली. श्वापद खडकाच्या आकाराच्या बैठकीवर बसले होते. ती पुढे रुंद, मागे निमुळती. आणि तिच्याखाली फरशीच्या विटा त्याच आकारात तासून एक उथळ खाच केलेली होती, राखणदार हलू नये म्हणून. खाचेची रुंद बाजू दाराकडे नव्हती. ती चौथऱ्याकडे होती.

राखणदाराला चोरांनी फिरवले असते, तर खाच फिरली नसती. ज्याने विटा तासल्या, त्याने तो राखणदार आत पाहत बसावा म्हणूनच तासल्या होत्या.

यमुनेने डोळे मिटून घेतले. एक मूल गेले होते. त्याच्या आईवडिलांनी सिंहाला बाहेर पाहायला सांगितले, जे यायचे ते येऊ नये म्हणून. आणि माणसाच्या चेहऱ्याच्या त्या प्राण्याला त्यांनी, सगळी रीत बाजूला सारून, मुलाकडे वळवले. दार एकाने राखले तरी भागते. पण अंधारात कोणीतरी तोंड इकडे करून बसले पाहिजे. आणि कारागिराने त्या चेहऱ्याचे ओठ किंचित विलग का ठेवले, पापण्या इतक्या जड का ठेवल्या, तेही तिला आता निराळे दिसले. तो चेहरा कोणाला भिववण्यासाठी घडवलेलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने शनांना बोलावले आणि खाच दाखवली. ते पडद्याजवळ वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"आणि पोकळी?" शेवटी त्यांनी विचारले.

"रात्रीतून चित्र स्वच्छ झाले. भुयार चोरांचेच आहे. पण कमानीच्या हातभर वर ते थांबते. एकही वीट हललेली नाही."

"हातभर?"

"हातभर."

"इथवर खणत आला," शन स्वतःशीच म्हणाले, "आणि परत गेला. का गेला असेल?"

"ते शलाका सांगू शकत नाहीत."

शन खुर्चीवर बसले. त्यांच्या चेहऱ्यावर प्रथम जे आले, ते यमुनेला पाहवले नाही. मेळ्यातून रिकाम्या हाताने परत निघालेल्या मुलाचे तोंड होते ते. "खाच अस्पष्ट आहे असे लिहिले तरी चालेल," ते म्हणाले. "कोणी विचारणार नाही. तुमच्या यंत्राला पुरावा नको का, थत्ते लाओशी?"

"हवा आहे. तुमच्याहून मला जास्त हवा आहे."

"तुम्ही चाळीस वर्षे वाट पाहिलेली नाही."

"नाही पाहिली," यमुना म्हणाली. "म्हणून तुम्हालाच विचारते. पहिल्या दिवशी तुम्ही मला सांगितले होते, जिंकलेला राखणदार कोणाला दिसत नाही. हा जिंकला आहे. आपण दार उघडले, की त्या क्षणी हरेल. मग त्यालाही काचेमागे बसवावे लागेल. आणि तिथे तो कोणाकडे तोंड करून बसेल?"

खिडकीबाहेर मक्याच्या पानांची सळसळ चालली होती. शनांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला.

"चिनी म्हाताऱ्याला त्याचेच वाक्य परत द्यायचे, हे तुमच्या पाठशाळेत शिकवतात का?"

"वादसभेत पहिला धडा तोच."

ते हसले, आधी ओठांनीच, मग खरोखर. "चेहरा पुन्हा एकदा दाखवा," ते म्हणाले. "मग लिहा. मी सही करतो."

तिने दाखवला. दोघेही उभे राहूनच पाहत होते.

"हे चित्र प्रसिद्ध कराल?"

"खाचेचे करीन. विटांचे, भुयाराचे करीन. चेहऱ्याचे नाही." तिने पडदा बंद केला. "तो आपल्यासाठी नव्हता."

अहवालात तिने लिहिले: दफन अभंग आहे. यंत्राच्या निष्कर्षाची प्रत्यक्ष पडताळणी झालेली नाही आणि होणार नाही. हे दुसरे वाक्य तिने एकदा खोडून पुन्हा लिहिले, हे नमूद केले पाहिजे. पुढे त्या वाक्यावर बोट ठेवून अनेकांनी तिची टर उडवली. नानांनी फोनवर सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "यमू, ज्ञान झाले की दाखवायचे, हा एक मार्ग. ज्ञान झाले की हात जोडायचे, हा दुसरा. दोन्ही शास्त्रसंमत आहेत. दुसऱ्याला अनुदान मिळत नाही, एवढेच."

शलाका वर काढल्या. त्यांची छिद्रे तीच पिवळी माती घालून, जुन्या रीतीने थर थर ठोकून बुजवली. शेवटचा थर शनांनी स्वतः ठोकला. त्या प्रदेशात थडग्यापाशी जाताना मद्याचा पेला ओततात. यमुनेने पाहिले, शनांच्या हातात पेला नव्हता. त्यांनी जवळच्या झाडाचे एक पिकलेले पर्सिमन तोडले, कोटाच्या बाहीवर पुसून चकचकीत केले आणि मातीवर ठेवले.

"लहान मुलाला मद्य कसे देणार?" ते म्हणाले.

मग ते पाठ न फिरवता, चार पावले तसेच मागे मागे आले, आणि नंतरच वळले.

यमुना वाईला पोहोचली तेव्हा माघ लागला होता. पहिल्या दिवशी मंदा तिच्याशी परक्यासारखी वागली. आणलेल्या खेळण्याला 'थँक यू' म्हणाली आणि आजोबांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. दुपारी जेवणानंतर नाना भिंतीकडे तोंड करून लवंडले आणि लगेच घोरू लागले. मंदा आपली उशी घेऊन आली, यमुनेपासून हातभर अंतरावर टाकली आणि आडवी झाली.

यमुना कुशीवर वळली. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून आली होती ती. बाहेर कृष्णेच्या घाटावर कोणीतरी धुणे आपटत होते, आणि छतातून, कौलांतून, दोघींच्या देहांतून म्यूऑनांची ती मूक वृष्टी नेहमीसारखीच चालू होती. जशी त्या पठाराखाली, जड पापण्यांच्या त्या चेहऱ्यातून आणि त्याच्यासमोरच्या लहान चौथऱ्यातून चालू असेल. मोजणारे आता तिथे कोणी नव्हते.

मंदाने डोळे मिटले. थोड्या वेळाने, डोळे मिटलेलेच, तिने हात लांब केला. तो हात आधी उशीवर पडला, मग चाचपडत यमुनेच्या हनुवटीपाशी आला, नाकावरून कपाळापर्यंत गेला. तळहात चेहऱ्यावर पुरता टेकला.

"आहे," मंदा म्हणाली, आणि झोपी गेली.